पहिला शॉट डावीकडे

अठ्ठ्याऐंशी किलोमीटरवर काहीच नव्हतं.

मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. पडद्यावर समुद्रतळाखालचे थर घडी घालून ठेवलेल्या चादरींसारखे एकावर एक निवांत पडले होते. कुठे तडा नाही, कुठे मोड नाही. सकाळचे आठ चाळीस झाले होते. आमचं जहाज किनाऱ्याकडे तोंड करून ताशी नऊ किलोमीटरने सरकत होतं. मागे पाण्यात ओढलेल्या हवेच्या तोफा दर वीस सेकंदांनी उडत होत्या, आणि प्रत्येक आवाजाबरोबर पडद्यावर केसाएवढी एक उभी रेघ वाढत होती. अशा हजारो रेघा शेजारी-शेजारी लागल्या की जमिनीच्या पोटाचं चित्र तयार होतं. त्या चित्रात किनाऱ्यापासून बरोबर अठ्ठ्याऐंशी किलोमीटरवर एक मोठा भ्रंश दिसायला हवा होता. तो तिथे आहे असं अकरा वर्षांपूर्वी मीच छापून दिलं होतं.

"तुमचा भ्रंश सुट्टीवर गेला का?" चीफने मागून विचारलं.

चीफ म्हणजे या मोहिमेचा मुख्य शास्त्रज्ञ. वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान, पदाने दोन पायऱ्या वर. त्यामुळे तो मला 'ताई' म्हणत नाही आणि मी त्याला 'सर' म्हणत नाही, दोघंही 'तुम्ही'वर भागवतो. एरवी त्याच्या टोमण्याला मी सव्याज परतफेड केली असती. आज मी पडद्यावरची नोंद मागे सरकवून पुन्हा पाहू लागले.

या समुद्राबद्दल एवढं सांगितलं म्हणजे पुरे. डोंगररांगेच्या पलीकडच्या किनाऱ्यावर एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो, मोठे भूकंप तिकडे होतात आणि सगळ्या जगाचे डोळे तिकडे. आम्ही या बाजूला, पाठीमागे. लोक म्हणतात, मागची बाजू सुरक्षित. पण पुढून कोणी रेटलं तर मागे चुण्या पडणारच. त्या चुण्या कुठे पडतात, किती ताज्या आहेत, हे पाहणं माझं काम. एखादी चुणी फार दाबली गेली की मोडते. मोडीच्या एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूवर चढतो, वरचं पाणी उचललं जातं आणि त्सुनामीची लाट निघते. ती मोड म्हणजेच भ्रंश. तो किनाऱ्यापासून जितका लांब, तितका पळायला वेळ जास्त.

आणि हा वेळ माझ्या घरातला प्रश्न होता. आम्ही ज्या किनाऱ्याकडे निघालो होतो, तिथल्या गावात माझी धाकटी बहीण शाळेची मुख्याध्यापिका आहे. जुनी शाळा टेकडीवर, छत गळकं, भिंतींना ओल, एका बाकावर चार-चार मुलं. नवी शाळा खाली सपाटीवर बांधली, समुद्राच्या हाकेच्या अंतरावर. गावातल्या म्हाताऱ्यांनी दोन वर्षं विरोध केला. धाकटी माझा अहवाल हातात घेऊन प्रत्येक सभेत उभी राहिली. भ्रंश अठ्ठ्याऐंशी किलोमीटर लांब, म्हणून लाटेला यायला वीस मिनिटं. नव्या शाळेतून जुन्या शाळेपर्यंत चढायला मुलांना चौदा. सहा मिनिटं हातात राहतात. त्या सहा मिनिटांवर इमारत उभी राहिली. आज दुपारी तीन वाजता समितीच्या सह्या होणार होत्या, आणि सोमवारपासून दोनशे बारा मुलं खाली.

"उद्या तुझ्या समुद्राला नीट वागायला सांग," ती काल फोनवर म्हणाली होती. "माझी अब्रू त्याच्या हातात आहे."

"समुद्र माझं ऐकत असता तर आधी तुझी बडबड बंद करायला सांगितली असती," मी म्हणाले होते.

मी माझा जुना नकाशा काढला. हातभर लांब कागद, अकरा वर्षांत घड्यांवर फाटलेला. त्यात किनारा डावीकडे, खुला समुद्र उजवीकडे. पण आज आम्ही समुद्राकडून किनाऱ्याकडे येत होतो, म्हणून पडद्यावर समुद्र डावीकडे होता. दोन्ही एका दिशेला आणायचे तर कागद उलटा करायला हवा. मी तो उलटा करून गोल खिडकीच्या काचेवर धरला, म्हणजे उजेडात मागून रेघा दिसतील. पडद्यावर चौऱ्याण्णववर एक ठळक उंचवटा होता, एकोणनव्वदवर दोन छोट्या खाचा. उलट्या कागदावर त्या ठिकाणी यातलं काही नव्हतं. मी वैतागले, कागद तसाच सुलटा पडद्याखाली आपटला.

उंचवट्याखाली उंचवटा आला. खाचांखाली खाचा.

कागद हलला असेल म्हणून मी दोन्ही हातांनी सपाट केला. नाही. जो कागद उलटा करूनच जुळायला हवा होता, तो सुलटाच जुळत होता. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय हे मी त्या लोखंडी फरशीवर उभी राहून अनुभवलं.

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. माझ्या गुरूंनी घालून दिलेला, आणि नंतर मी बारा-तेरा विद्यार्थ्यांच्या डोक्यात ठोकून बसवलेला: पहिला शॉट डावीकडे. जहाजाने जिथे पहिली तोफ उडवली ती जागा कागदावर डाव्या हाताला. म्हणजे गोंधळ होत नाही. अकरा वर्षांपूर्वी आम्ही किनाऱ्यावरून निघालो, वीस किलोमीटर गेलो आणि वादळ आलं. तोफांचे पडसाद टिपणारी, मागे ओढलेली केबल गुंडाळून आम्ही खुल्या समुद्रात चार दिवस काढले. वादळ शमल्यावर कप्तान म्हणाला, आता इथूनच सुरू करू, परतताना काम होऊन जाईल. म्हणून मोजणीचा उरलेला मार्ग आम्ही उलट बाजूने घेतला, शंभरवरून विसापर्यंत. घरी येऊन मी दोन तुकडे जोडले. पहिल्या तुकड्याचा पहिला शॉट डावीकडे. दुसऱ्या तुकड्याचाही पहिला शॉट डावीकडे. नियम म्हणजे नियम! वर मी हाताने आकडे घातले, वीस, तीस, चाळीस, असे शंभरपर्यंत. दुसरा तुकडा आरशातला होता आणि मला दिसला नाही. तळ परातीसारखा सपाट, त्यामुळे दुसऱ्या कुणालाही दिसला नाही. जोडावर थर जरा चुकत होते, ते मी वादळावर ढकलले. 'खराब हवामानामुळे किरकोळ विसंगती', असं लिहिल्याचं मला अजून आठवतं. नाचता येईना, अंगण वाकडं.

पेन्सिलीने हिशोब केला. उलटलेल्या तुकड्यात लिहिलेला आणि खरा आकडा मिळून नेहमी वीस अधिक शंभर, एकशेवीस. त्यातून अठ्ठ्याऐंशी गेले, राहिले बत्तीस.

भ्रंश किनाऱ्यापासून बत्तीस किलोमीटरवर होता. मी लिहिलं होतं की तो खुल्या समुद्राकडे कलत खाली जातो. तेही उलटं. तो गावाखाली जात होता. लाटेच्या वेळेचा हिशोब मी तीन वेळा केला, तिन्ही वेळा दहा मिनिटंच आली.

चीफने कागद पाहिला, पडदा पाहिला, पुन्हा कागद. तो मूर्ख नाही. त्याचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही.

"नोंदींच्या मूळ टेपा?"

"ऑफिसच्या तळघरात. वाचायचं यंत्र दोन वर्षांपासून बंद आहे."

"म्हणजे आपल्या हातात एक उंचवटा आणि दोन खाचा. असे उंचवटे समुद्रात पैशाला पासरी मिळतात."

"माझी बहीण तीन वाजता सही करतेय."

"त्याआधी आपण बत्तीसवरून जाणार आहोत. पावणेतीनला. दिसू दे, मग बोलू. तोवर जहाजाबाहेर एक अक्षर नाही." त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्हाला ते बंदरातलं प्रकरण माहीत आहे. एका शहाण्याने घाईत तोंड उघडलं, सगळं गाव तीन दिवस रस्त्यावर झोपलं, काही झालं नाही. पुढच्या वर्षी खरा इशारा आला तेव्हा कोणी अंथरुणातून उठलं नाही. सात माणसं गेली."

हे खरं होतं. त्यामुळेच मला त्याचा राग आला.

मग वाट पाहणं सुरू झालं. सहा तास. मी खुर्चीवरून उठले नाही. दर वीस सेकंदांनी मागे तोफा उडायच्या, पायाखाली हलका ठोका जाणवायचा, एक रेघ वाढायची. एकोणऐंशीवर थर जरा खाली वाकलेले, कागदावरही तसेच. एकसष्टवर मातीने बुजलेला जुना ओढा, कागदावरही ओढा. कोणीतरी शेजारी जेवणाचं ताट आणून ठेवलं, तसंच थंड करून परत नेलं. आयुष्यभर मी बरोबर ठरावं म्हणून देव पाण्यात घालून बसले, आणि आज एखादी तरी खूण चुकू दे म्हणून बसले होते. एकही चुकली नाही. दुपारपर्यंत सात खुणा झाल्या होत्या.

धाकटीचा संदेश आला. 'वर्गांत लिहायचे नवीन फळे लागले. हिरवे घेतले, काळ्याने मुलांचे डोळे दुखतात. तू म्हणशील उधळपट्टी.' मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी 'छान' असं पाठवलं. इतकं खोटं 'छान' मी कुणाच्या लग्नातसुद्धा म्हटलेलं नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी तोफा थांबल्या.

एवढे दिवस त्या ठोक्याची इतकी सवय झाली होती की तो थांबताच खोलीतले सगळे एकदम वर बघायला लागले. पडद्यावर रेघ वाढणं बंद झालं. सदतीस किलोमीटर. भिंतीवरच्या फोनवर आवाज आला, "देवमासे. तीन. जहाजाच्या उजवीकडे."

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. नियम साधा आहे. देवमासा तोफांपासून पाचशे मीटरच्या आत आला की तोफा बंद, कारण त्या आवाजाने त्याचे कान जातात. तो दिसेनासा झाल्यावर अर्धा तास थांबायचं, मग वीस मिनिटं तोफा हळूहळू चढवायच्या. तोवर जहाज चालतच राहतं, कारण सहा किलोमीटरची केबल मागे असताना ते थांबू शकत नाही आणि वळायला तीन तास लागतात. म्हणजे पडद्यावर सदतीस ते एकोणतीस कोरं राहणार. बत्तीस त्याच्या बरोबर मध्ये.

मी धावत वर गेले. डेकवर उंच खुर्चीत बसून दिवसभर पाणी बघणाऱ्या मुलीला सगळे 'दुर्बीण' म्हणतात. ती डोळ्यांवरून दुर्बीण न काढता म्हणाली, "या. मस्त आहेत. एक पिल्लू आहे."

"पाचशेच्या आत आहेत की बाहेर?"

"आत. चारशे ऐंशी."

"वीस मीटर तू डोळ्याने मोजलेस?"

"दुर्बिणीतल्या रेघांनी मोजले."

"हे बघ, मला फक्त पस्तीस मिनिटं हवीत. वीस मीटरचा प्रश्न आहे. पाचशेवीस लिहिलंस तर कोणाला कळणार आहे?"

तिने दुर्बीण खाली घेतली. पंचविशीची असेल, नाकावर उन्हाने सोललेली कातडी. तिने वही उघडून माझ्यापुढे धरली. "लिहिते की. आणि शेजारी असंही लिहिते की तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं. चालेल?"

पिल्लू वर आलं, फुस्स करून श्वास सोडला आणि आईच्या पोटाखाली गेलं. मला स्वतःची विलक्षण लाज वाटली. अकरा वर्षांपूर्वी या मुलीसारखी मी वहीत जे दिसतं तेच लिहिलं असतं, जोडावरची विसंगती वादळाच्या गळ्यात घातली नसती, तर आज मला कुणाच्या पाया पडायची वेळ आली नसती. "नको," मी म्हणाले. "चारशे ऐंशीच ठेव."

खाली आले तेव्हा दोन अठ्ठावीस झाले होते. चीफ कोऱ्या पडद्यापुढे उभा होता.

"उद्या सकाळी वळून परत येऊ," तो म्हणाला. "पूर्ण दिवस देतो तुम्हाला."

"सही आज आहे."

"सही रद्द करता येते."

"शाळा रद्द करता येत नाही. एकदा मुलं खाली गेली, फळे लागले, की मग कोण वर आणतं? म्हणतील, बघू, पुढच्या वर्षी बघू." माझा आवाज चढला होता, तो मी मुद्दाम खाली आणला नाही. "तुम्हाला पुरावा हवाय ना? पुरावा मीच आहे. मी कशी चूक केली ते मला पायरी-पायरीने माहीत आहे. भ्रंश पाहिला नाही, पण माझा हात मला ओळखू येतो."

त्याने माझा जुना कागद पुन्हा उचलून पाहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला माझ्याहून चांगलं कळतं. या कागदावर त्याची पुढची तीन वर्षांची मोहीम मंजूर झाली होती.

"तुमच्या नावावर बोला," तो शेवटी म्हणाला. "जहाजाच्या नाही, संस्थेच्या नाही. आणि 'कदाचित' हा शब्द वापरा."

जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवरच्या सॅटेलाइट फोनवर आवाज एक क्षण उशिरा पोचतो. त्यामुळे माणूस विचार करून बोलतोय की नुसता उशीर झालाय हे कळत नाही. दोन बेचाळीसला धाकटीने फोन उचलला. मागे खुर्च्या सरकत होत्या, कोणीतरी हसत होतं.

"ताई! वेळेवर. सगळे जमलेत, तुझंच—"

"सही करू नकोस."

उशीर. "काय?"

मी सांगितलं. वादळ, दोन तुकडे, पहिला शॉट डावीकडे. बत्तीस. गावाच्या खाली. ती मध्ये एकदाही बोलली नाही, आणि जन्मापासून आजपर्यंत मला न अडवता तिने माझं काही ऐकल्याचं आठवत नाही.

"किती मिनिटं?" तिने विचारलं.

"दहा. कदाचित अकरा."

"तू बघितलंस? आज? डोळ्याने?"

"नाही. तिथे तोफा बंद होत्या. पण मला खात्री आहे."

"तेव्हाही तुला खात्री होती," ती म्हणाली.

मग तिचा आवाज बदलला, वर्गात शिरताना बदलत असावा तसा. "थांब. स्पीकरवर टाकते. दोन वर्षं मी या लोकांना तुझा आकडा ऐकवला. आता तूच ऐकव."

मी माझी ओळख दिली, मग पुन्हा सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. 'कदाचित' एकदा वापरला. शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे. तुमच्या मुख्याध्यापिकेची नाही. तिने मी दिलं तेच सांगितलं."

एक म्हातारा आवाज म्हणाला, "बाई, मग आमच्या पोरांनी आता काय करायचं? पळायला शिकायचं?"

"वर राहायचं," मी म्हणाले. "गळक्या छताखाली. उद्या मी त्या जागेवरून परत जाणार आहे. चुकले असेन तर तुमच्या गावात येऊन सर्वांसमोर तसं सांगेन. पण तोवर वर राहा."

बरेच आवाज एकदम सुरू झाले. कोणी म्हणालं आम्ही आधीच सांगत होतो, कोणी म्हणालं एवढी इमारत काय शेळ्या बांधायला वापरायची का, कोणी माझ्या शिक्षणाचा उद्धार केला. मग दार लागल्याचा आवाज आला आणि गलका दूर गेला. धाकटी बाहेर येऊन उभी राहिली होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"रागावलीस?" मी विचारलं.

"हो."

"मला माफ कर, धाकटे."

"ताई, ऐक." उशीर. की ती थांबली होती, देव जाणे. "चौदा मिनिटं नाहीत."

"म्हणजे?"

"चढायला. मोठी मुलं अकरा मिनिटांत पोचतात. सगळ्यात लहान वर्गाला सतरा लागतात. सहा वेळा सराव घेतला, सहाही वेळा सतरा. कोणाच्या बुटाचा बंद सुटतो, कोणी रडत बसतं. मी सरासरी काढली. सतरा लिहिले असते तर तीनच मिनिटं उरत होती. समितीने मान्य केलं नसतं. मला ती शाळा हवी होती गं. त्या ओलीत मुलं खोकतात. मला वाटलं, तुझे वीस तर पक्के आहेत."

माझ्या एका चुकीवर तिने स्वतःची एक चूक रचली होती, आणि त्या दोन्हींच्या वर दोनशे बारा मुलं बसणार होती. दहा मिनिटांत लाट, आणि अर्ध्या वाटेवर सगळ्यात लहान वर्ग.

"त्यांना माहीत आहे?" मी विचारलं.

"कोणालाच नाही. आता गरजही नाही, तुझ्या आकड्यावरच सगळं थांबतंय. सगळा दोष तुझ्या अंगावर गेला, मी सुटले." ती हसल्यासारखं काहीतरी करून थांबली. "फोन ठेवू नकोस. धरून राहा."

दार उघडलं. गलका एकदम जवळ आला. मग तिने टेबलावर हात आपटला असावा, कारण सगळे गप्प झाले.

"आणखी एक आकडा चुकलाय," धाकटी म्हणाली. "आणि तो माझा आहे."